‘टेन्शन’ या एका शब्दाआड

वसतिगृहातून घरी फोनवर बोलणाऱ्या मुलांचे संभाषण कानावर पडले, तर एक शब्द हमखास ऐकू येतो. परीक्षा जवळ आली की टेन्शन, मित्राने अबोला धरला की टेन्शन, वही हरवली की टेन्शन, आईची आठवण आली तरी टेन्शनच. पलीकडून वडील विचारतात, ‘कसलं टेन्शन आलंय बाळा?’ मुलगा म्हणतो, ‘काही नाही, असंच.’ मग दोघेही क्षणभर गप्प होतात. जेवण बरे असते का, पैसे पुरतात का, अशी चौकशी होते आणि फोन ठेवला जातो. मुलाने काही लपविलेले नसते. वडिलांचीही आस्था कमी नसते. परंतु दोघांच्या मध्ये जो शब्द उभा आहे तो इतका सैल आहे, की त्यात काहीही मावते आणि म्हणूनच त्यातून काहीच हाती लागत नाही.

हा शब्द इंग्रजीतून आला म्हणून त्याच्यावर राग धरण्याचे कारण नाही. ‘उमेद’, ‘हैराण’, ‘खुशाली’ हेही शब्द बाहेरूनच आले आणि आपल्या घरचे झाले. उमेद नसलेली मराठी कोणालाही नको वाटेल. अडचण वेगळी आहे. ‘टेन्शन’ आला आणि त्याने घरातल्या वीस-पंचवीस शब्दांना हळूहळू अडगळीत ढकलले. हे शब्द मेलेले नाहीत. ते शब्दकोशात आहेत, आजीच्या बोलण्यात आहेत, जुन्या पत्रांत आहेत. मात्र आपल्या मुलांच्या तोंडी ते क्वचितच येतात. शब्द गेला म्हणजे भावना गेली असे होत नाही. भावना राहते, ती ओळखण्याची खूण तेवढी हरवते.

वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलाचेच उदाहरण घेऊ. त्याला काय होत असते, हे सांगायला मराठीत एक साधे वाटणारे पण फार नेमके क्रियापद आहे: करमणे. ‘मला इथे करमत नाही’ असे म्हणणारा मुलगा कोणाविरुद्ध तक्रार करीत नसतो. अन्न आहे, अंथरूण आहे, सोबतीही आहेत. पण मन अजून जागेला रुळलेले नाही, एवढेच तो सांगतो. यावर उतारा म्हणजे थोडा काळ, थोडी सोबत आणि हाताला काही काम. त्याच मुलाला संध्याकाळी धाकट्या बहिणीच्या बडबडीची सवय असेल आणि ती बडबड आता कानी पडत नसेल, तर त्याला ‘चुकल्याचुकल्यासारखे’ वाटते. येथे नेमके कोण चुकल्यासारखे वाटते आहे, हे त्याला ठाऊक असते. म्हणून त्या बहिणीशी दोन मिनिटे बोलणे झाले तरी त्याला बरे वाटेल. आणि कातरवेळी दिवे लागण्याच्या सुमारास कशासाठी तेच कळत नाही, पण मन कोठेतरी ओढ घेते, ती ‘हुरहूर’. हुरहुरीला पत्ता नसतो. तिच्यावर उपाय शोधण्याची घाई करू नये. ती येते तशी जाते.

भीतीच्या बाजूला तर मराठीची श्रीमंती थक्क करणारी आहे. निकालाच्या आदल्या दिवशी असते ती ‘धाकधूक’. ती निकालाबरोबर संपते, तोवर जवळ कोणी असले की पुरे. ‘धास्ती’ ही पुढे काय होईल याची असते, म्हणून धास्ती वाटणाऱ्या मुलाला माहिती द्यावी लागते: परीक्षेच्या खोलीत काय होते, तोंडी परीक्षेत काय विचारतात, पेपर वेळेत पूर्ण झाला नाही तर काय करायचे. ‘दडपण’ हे बहुधा दुसऱ्याच्या अपेक्षेचे असते आणि ते उतरविणे मुलाच्या हातात नसते. ज्याने ठेवले त्यानेच ते उचलायचे असते, आणि तो कोण हे विचारण्याआधी आपण पालकांनी स्वतःकडे पाहिलेले बरे. ‘धसका’ या साऱ्यांहून वेगळा. धसका हा घडून गेलेल्या गोष्टीचा असतो. कोणी मारले, कोणी धमकावले, कोठे अपघात पाहिला आणि ते मनात रुतून बसले. धसका घेतलेल्या मुलाला ‘घाबरू नकोस’ असे सांगणे व्यर्थ आहे. त्याच्याजवळ बसून ‘काय झाले होते?’ असे विचारावे लागते. आता या चौघांना एकच नाव दिले आणि चौघांना एकच सल्ला दिला, ‘टेन्शन घेऊ नकोस’, तर काय होईल? धाकधूक असलेल्या मुलाचे काही बिघडणार नाही. धसका घेतलेला मुलगा मात्र तसाच झोपी जाईल आणि कोणाला कळणारही नाही.

मागे राहून गेलेल्या गोष्टींचेही असेच आहे. स्पर्धेत एका गुणाने क्रमांक हुकला तर ‘चुटपुट’ लागते. आजारी मित्राला भेटायला जायचे राहून गेले तर ‘रुखरुख’ लागते. चुटपुट दोन दिवसांत विरते. रुखरुख मात्र काम पुरे होईपर्यंत टोचत राहते, आणि तिचा उपाय तिच्यातच असतो: उठावे आणि जावे. दुसऱ्याच्या नुकसानीने वाटते ती ‘हळहळ’. ‘खंत’ ही त्याहून खोल आणि दीर्घ. ती वर्षानुवर्षे जपली जाते.

नेमक्या शब्दाने मनाला खरोखरच काही फरक पडतो काय, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी तपासून पाहिला आहे. अमेरिकेतील मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यात प्रसिद्ध आहे. लोकांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखविण्यात आली. काही वेळा त्या चेहऱ्याला शोभणारे माणसाचे नाव निवडायचे होते, काही वेळा त्या चेहऱ्यावरील भावनेचे नाव. दोन्ही वेळा काम शब्द निवडण्याचेच. परंतु भावनेचे नाव निवडताना मेंदूतील भयाची चाहूल घेणारा भाग, ज्याला अमिग्डाला म्हणतात, तो तुलनेने शांत झालेला दिसला, आणि कपाळामागील विचार करणाऱ्या भागातील एक प्रदेश अधिक क्रियाशील झाला. म्हणजे कोणताही शब्द चालत नाही. भावनेचा शब्द लागतो.

याच गटातील कॅटरीना किर्कान्स्की यांनी २०१२ साली कोळ्याला भिणाऱ्या ८८ माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना जिवंत, मोठ्या, केसाळ कोळ्याच्या जवळ न्यायचे होते. काहींना सांगितले, मनात जे वाटते ते शब्दांत बोला: हा किळसवाणा आहे, मला याची भीती वाटते, हा अंगावर उडी घेईल. काहींना सांगितले, स्वतःची समजूत घाला, हा काही करणार नाही असे म्हणा. काहींचे लक्ष दुसरीकडे वळविले आणि काहींना नुसतेच जवळ नेले. आठवड्यानंतर पुन्हा कोळ्यासमोर आणले, तेव्हा भीती बोलून दाखविणाऱ्यांच्या हाताला इतरांपेक्षा कमी घाम सुटला. गंमत अशी, की ‘आता भीती कमी वाटते का?’ या प्रश्नाला सर्व गटांची उत्तरे जवळजवळ सारखीच होती. माणसाला कळण्याआधी त्याच्या शरीराला कळले होते. मुलगा घाबरला असता आपण घरोघरी जे करतो, ‘काही नाही रे, त्यात काय घाबरायचे’ असे म्हणतो, ते या प्रयोगातील समजूत घालणाऱ्या गटाचेच काम होय. वाईट नाही; पण त्याला त्याची भीती बोलू देणे अधिक गुणकारी ठरले.

लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यापुढचे पाऊल टाकले. काही माणसे आपल्या वाईट मनःस्थितीचे वर्णन ‘वाईट वाटते’ एवढ्यावरच थांबवितात, तर काही जण तिच्यातील बारकावे वेगळे करतात. २००१ सालच्या एका अभ्यासात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांकडून रोजच्या भावनांच्या नोंदी ठेवून घेतल्या. भावना तीव्र असताना, बारकावे ओळखणारे लोक त्या सावरण्यासाठी अधिक प्रयत्न करतात असे त्यांना आढळले. काय होत आहे हे कळले तर काय करायचे तेही सुचते, असा याचा साधा अर्थ.

हे आपल्या परंपरेला नवे नाही. संयुत्त निकायात संगारव नावाच्या ब्राह्मणाशी झालेल्या संवादात भगवान बुद्धांनी पाण्याच्या भांड्याचा दृष्टान्त दिला आहे. माणूस पाण्यात आपला चेहरा पाहू इच्छितो, पण तो दिसत नाही. का? एका भांड्यातील पाण्यात लाख, हळद, नीळ असे रंग मिसळले आहेत. ते कामच्छंदाचे पाणी. दुसरे विस्तवावर उकळते आहे. तो ब्यापाद, म्हणजे द्वेष. तिसऱ्यावर शेवाळ दाटले आहे. ते थीनमिद्ध, मनाची जडता आणि सुस्ती. चौथे वाऱ्याने हेलकावते आहे. ते उद्धच्च-कुक्कुच्च, म्हणजे अस्वस्थता आणि केल्या-न केल्याची टोचणी. पाचवे गढूळ आहे आणि अंधारात ठेवले आहे. ती विचिकिच्छा, शंका. पाचही भांड्यांत चेहरा दिसत नाही, हा परिणाम एकच. त्या परिणामालाच नाव देऊन थांबले की ते ‘टेन्शन’ होते. पाच कारणांना पाच नावे दिली, की कोणत्या भांड्याखालचा विस्तव काढायचा आणि कोणत्यावरचे शेवाळ बाजूला करायचे हे दिसू लागते. सतिपट्ठान सुत्तातील चित्तानुपस्सनेतही साधकाला प्रथम हेच सांगितले आहे: मन द्वेषयुक्त असेल तर ते द्वेषयुक्त आहे असे जाणावे, संकोचलेले असेल तर संकोचलेले आहे असे जाणावे. आधी ओळख. दुरुस्तीची भाषा नंतर.

त्यातील उकळत्या भांड्याजवळ थोडे थांबावेसे वाटते, कारण रागाच्या बाबतीत मराठी भाषाही विस्तवच पाहते. ‘ताप’ या एका शब्दापासून तापट, संताप, अनुताप, पश्चात्ताप असा परिवार तयार झाला आहे. माणूस ‘भडकतो’, ‘आगपाखड करतो’, त्याचा ‘जळफळाट’ होतो. या उष्ण शब्दांच्या शेजारी एक क्रियापद आहे ते आता फक्त स्वयंपाकघरात उरले आहे: निवणे. दूध निवू द्या, भात निवला का, असे आपण म्हणतो. पूर्वी मनही निवत असे, लेकराला पाहून डोळे निवत असत. भाषाशास्त्रज्ञ या ‘निवणे’चे नाते संस्कृत ‘निर्वाति’ आणि पाली ‘निब्बाति’ या क्रियापदांशी जोडतात, म्हणजे ते ‘निब्बान’ शब्दाच्या घराण्यातले आहे. गयेजवळ दिलेल्या आदित्त सुत्तात सर्व काही राग, द्वेष आणि मोहाच्या अग्नीने पेटले आहे असे सांगणाऱ्या धम्माने अंतिम शांतीला विझण्याचा, निवण्याचा शब्द निवडावा, हे किती सुसंगत आहे! आणि तो शब्द आपल्या आया भाताच्या पातेल्याजवळ रोज उच्चारतात. संतापलेल्या मुलाला ‘शांत बस’ म्हणणे हा हुकूम झाला. ‘थोडा निवू दे त्याला’ असे शेजारच्याला सांगणे म्हणजे त्याला वेळ देणे होय. निवण्याची घाई करता येत नाही, हे त्या शब्दातच आहे.

याचाच शेजारी म्हणजे ‘निवळणे’. ऐकायला जवळचा, पण निराळ्या कुळातला. तो ‘निर्मळ’चा नातलग. उकळते पाणी निवते, गढूळ पाणी निवळते. गोंधळलेल्या मनाला थंड करण्याचा काही उपयोग नसतो, ते ढवळणे थांबवावे लागते. पूर्वी खेडोपाडी पाणी स्वच्छ करण्यासाठी भांड्याच्या आत निवळीचे बी घासत, मग गाळ खाली बसे. ‘प्रसन्न’ या शब्दाचाही मूळ अर्थ स्वच्छ, निवळलेला असाच आहे. मिलिंदपञ्हात नागसेन स्थविरांनी श्रद्धेला पाणी स्वच्छ करणाऱ्या मण्याची उपमा दिली आहे, ती या अर्थामुळे. प्रसन्न माणूस म्हणजे सतत हसणारा माणूस नव्हे. ज्याच्या तळाचे दिसते तो प्रसन्न.

रागाचे सर्व शब्द मात्र एकाच तापमानाचे नाहीत. ‘रुसवा’ हा राग असूनही त्यात उष्णता फार थोडी आहे. परक्यावर कोणी रुसत नाही. रुसण्यासाठी हक्काचे माणूस लागते आणि ते समजूत काढायला येईल असा विश्वास लागतो. रुसलेल्या मुलीकडे दुर्लक्ष केले तर आपण तिचा रागच नव्हे, तिचा विश्वासही नाकारतो. ‘त्रागा’ हा शब्द तर इतिहास घेऊन आला आहे. गुजरात-काठेवाडकडील भाट आणि चारण हे कराराला जामीन राहत, आणि करार मोडणाऱ्यावर दबाव आणण्यासाठी स्वतःच्याच अंगाला जखम करून घेत. त्याला त्रागा म्हणत. आज मूल जेवणाचे ताट सारून देते तेव्हा आपण ‘त्रागा करू नकोस’ म्हणतो, त्यात तो जुना अर्थ जसाच्या तसा आहे: दुसऱ्याला हलविण्यासाठी स्वतःला इजा. हे ध्यानात आले म्हणजे त्याग्यापुढे आवाज चढविण्याऐवजी, याला काय मागायचे आहे जे तो सरळ मागू शकत नाही, असा विचार मनात येतो.

काही शब्दांचे अर्थ वाटेत पालटले आणि त्यामुळे आपले नुकसान झाले. पालीत ‘वेदना’ म्हणजे कोणताही अनुभव: सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेला. मराठीत त्यातील फक्त दुखणे उरले. ‘वेदनानुपस्सना’ हा शब्द ऐकून आमच्याकडील अनेक जणांना ती केवळ दुखण्याकडे पाहण्याची साधना वाटते, ती यामुळे. ‘उपेक्खा’चे अधिकच वाईट झाले. उप म्हणजे जवळ आणि ईक्ष् म्हणजे पाहणे. जवळ राहून, समतोल ठेवून पाहणे हा चार ब्रह्मविहारांतील चौथा विहार. मराठी ‘उपेक्षा’ मात्र दुर्लक्षाला म्हणतात, आणि उपेक्षेची झळ ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सोसली त्यांना हा शब्द गोड लागावा तरी कसा? म्हणून मुलांना शिकविताना पाली रूपच वापरावे आणि फरक उलगडून सांगावा असे माझे मत आहे. मज्झिम निकायात राहुलाला सांगितलेली जोडी येथे उपयोगी पडते: मैत्रीने ब्यापाद जातो, करुणेने हिंसा जाते, मुदितेने अरती जाते, उपेक्खेने पटिघ, म्हणजे मनाची आदळआपट जाते. औषधापुढे रोगाचे नाव असे नेमके लिहिलेले क्वचितच सापडेल. ‘अरती’ हा शब्दही पुन्हा वापरात यावा असा आहे. कशातच मन न रमणे, दुसऱ्याचे चांगले झालेले पाहूनही कोरडे राहणे: आजची मुले ज्याला ‘बोअर होतंय’ म्हणतात त्यातील बराच भाग अरतीचा असतो, आणि तिचा उपाय नवीन करमणूक नसून मुदिता आहे, हे तेथे सांगितले आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दुःखाचे शब्द गोळा केले म्हणजे दुःख कमी होईल, असा कोणी अर्थ घेऊ नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३५ हजारांहून अधिक लोकांचे स्वतःविषयीचे लेखन संगणकाच्या साहाय्याने तपासले गेले. ज्यांच्या लेखनात नकारात्मक भावनांच्या शब्दांची विविधता अधिक होती, त्यांच्यात खिन्नता आणि आजारपणाच्या खुणाही अधिक आढळल्या. ज्यांच्याकडे आनंदाच्या शब्दांची विविधता होती, त्यांच्यात स्वास्थ्याच्या खुणा अधिक. यावरून शब्दांनी माणूस आजारी पडतो असे सिद्ध होत नाही. ज्याने अनेक प्रकारचे दुःख भोगले त्याच्याकडे त्याचे शब्दही अनेक असणार, हे उघड आहे. तरी एवढे नक्की, की दुःखाचा शब्द वैद्याच्या चिठ्ठीसारखा वापरावा. काम झाले की बाजूला ठेवावा. दिवसभर ‘मी उद्विग्न आहे’ असे घोकत राहिल्याने उद्वेगाला घर मिळते.

म्हणून माझ्या दृष्टीने खरी टंचाई आनंदाच्या शब्दांची आहे. आमची मुले दुःखाला निदान टेन्शन, बोअर, वैताग असे तीन-चार शब्द वापरतात. आनंदाला ‘भारी’ आणि ‘मस्त’ या दोन शब्दांत गुंडाळतात. वास्तविक आपल्याकडे किती आहे! हरवलेले पाकीट सापडल्यावर वाटते ते ‘हायसे’. त्यात नवे काहीच मिळालेले नसते, जाऊ घातलेले राहिलेले असते. सर्व अभ्यास आटोपून अंगणात बसलेला ‘निवांत’, आणि पाठीशी कोणी आहे म्हणून बिनघोर झोपलेला ‘निर्धास्त’. शिक्षकाच्या एका शाबासकीने काम करावेसे वाटू लागते तो ‘हुरूप’. अपयशानंतर पुन्हा उठावेसे वाटते ती ‘उभारी’. हुरूप दुसऱ्याने देता येतो, उभारी आतून धरावी लागते, पण हुरूप मिळत गेला तर उभारी धरणे सोपे जाते. पहिल्यांदा रेल्वेत बसलेल्या मुलाच्या डोळ्यांत असते ते ‘अप्रूप’. आमच्या पिढीला नव्या कोऱ्या वहीचेही अप्रूप होते, हे आजच्या पालकांना आठवत असेल. मुलीची पदवी हाती घेताना अंगठा उठविणाऱ्या आईच्या मनात दाटते तो ‘गहिवर’. आणि ‘कृतार्थता’? हा शब्द आता केवळ निरोप समारंभाच्या भाषणांत उरला आहे. दिवसाकाठी एखादे काम नीट पार पडल्यावर तो स्वतःशी म्हणायला काहीच हरकत नाही.

आतापर्यंत आपण स्वतःच्या मनाला देतो त्या नावांविषयी लिहिले. परंतु मनाची घडण दुसऱ्यांनी आपल्याला दिलेल्या नावांनीही होते, आणि या स्मरणिकेच्या वाचकांना ते वेगळे सांगायला नको. ज्या समाजाला गावकुसाबाहेरची नावे चिकटविली गेली, त्याने आपली नावे आपणच ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्याचे मनच बदलू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वृत्तपत्रांची नावे क्रमाने वाचावीत. १९२० साली ‘मूकनायक’. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’. मग १९२८ चे ‘समता’, १९३० चे ‘जनता’ आणि १९५६ साली त्याच पत्राचे झालेले ‘प्रबुद्ध भारत’. पहिल्या दोन नावांत स्थितीचे नेमके निदान आहे. त्यांत लपवाछपवी नाही. पुढील नावांत मागणी आहे, आणि अखेरच्या नावात ओळख. निदानाचा शब्द वापरला, पण त्यातच मुक्काम केला नाही. महाविद्यालयांना ‘सिद्धार्थ’ आणि ‘मिलिंद’ ही नावे दिली, तेव्हा दाखला घेण्यासाठी रांगेत उभा राहिलेला पहिल्या पिढीचा विद्यार्थी आपल्या पत्त्यातच एक वारसा लिहू लागला.

वर्गातही हेच घडते. ‘ढ’ हे मराठीतील एक अक्षर; पण एखाद्या मुलाला ते चिकटले की वर्षानुवर्षे निघत नाही. चूक दाखविल्यावर मूल ‘वरमले’ तर ते शिकण्याच्या वाटेवर आहे. ‘ओशाळले’ तर थोडा वेळ डोळे चुकवील आणि पुन्हा जवळ येईल. ‘हिरमुसले’ तर त्याला हुरूप हवा आहे. परंतु ते ‘अपमानित’ झाले, तर त्याने काहीच शिकलेले नसते, फक्त तो प्रसंग लक्षात ठेवलेला असतो. शिक्षकाला या चार क्रिया चेहऱ्यावर ओळखता आल्या पाहिजेत.

आणि मुलाची बोली? खेड्यातून आलेले मूल पहिल्या आठवड्यात आपल्या घरचे शब्द वापरते, कोणी हसते, आणि ते शब्द आत जातात. त्यांच्याबरोबर त्या शब्दांनीच सांगता येण्यासारखे काही तरी आत जाते. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. यमेळ आणि केकुट हे जन्माने ब्राह्मण असलेले दोन भिक्खू बंधू तक्रार घेऊन आले, की नाना कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात, तेव्हा आम्ही ते छंदस भाषेत घालतो. भगवंतांनी त्यांना नकार दिला आणि ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वतःच्या बोलीत ते शिकण्याची अनुमती दिली. या शब्दांच्या अर्थाविषयी पंडितांत मतभेद आहेत. पण प्रमाण भाषेच्या नावाखाली घरचे शब्द पुसून टाकण्याला तेथे आधार सापडत नाही, हे खास.

दुर्मीळ शब्द दुर्मीळ आहेत ते पुस्तकांत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात आले. हे कोश आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात आणि वसतिगृहाच्या ग्रंथालयात ते उघडून पाहण्याची सवय मुलांना अवश्य लावावी. परंतु हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नसलेल्या बायांकडे सुखदुःखाचे जे शब्द मिळाले, त्यांतले कित्येक कोशकारांच्या हाती क्वचितच लागले असते. तेव्हा मुलांनी दिवाळीच्या सुटीत एक काम करावे. आजीजवळ बसून विचारावे, ‘आजी, तू नवी नवी सासरी आलीस, तेव्हा तुला कसं वाटायचं?’ ती जे म्हणेल ते तिच्याच बोलीत, जराही शुद्ध न करता वहीत लिहून घ्यावे, खाली गावाचे नाव घालावे आणि परत आल्यावर ते वर्गाच्या फळ्यावर लावावे.